आल्बिनाच्या मेंदूचा फोटो

राग सगळ्यांनाच येतो. बहुतेकांचा चहा होईपर्यंत टिकतो, फार तर रविवारच्या देवळातल्या मिस्सेपर्यंत. आल्बिनाने आपल्या थोरल्या जावेवरचा राग तीन वर्षं जिवंत ठेवला, आणि तोही एका दिवसाचा खाडा न करता. तिला गरीब गाय म्हणणारे गावात पुष्कळ होते. गरीब गाईने एकदा मनात धरलं की काय होतं, हे त्या लोकांना पुढे कळलं, आणि चांगलंच कळलं.

आल्बिनाचं घर वसईच्या पश्चिमेला, समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत, केळीच्या वाडीत. विहीर एक, घरं दोन. एका घरात आल्बिना आणि तिचा नवरा बॅप्टिस्ट, दुसऱ्यात बॅप्टिस्टचा थोरला भाऊ फेबियन आणि त्याची बायको रोझमेरी. बॅप्टिस्ट मुंबईच्या एका छापखान्यातून निवृत्त झालेला, स्वभावाने इतका मवाळ की दारातल्या कुत्र्याला हाड म्हणतानाही दोनदा विचार करायचा. रोझमेरी मात्र पुढारी. महिला मंडळाची अध्यक्ष तीच, प्रार्थना गटाची प्रमुखही तीच. कुणाकडे मयत असो की बाप्तिस्मा, पहिली खुर्ची तिची आणि शेवटचा शब्दही तिचाच.

आल्बिना खुर्चीच्या भानगडीत कधी पडली नाही. तिचा मान कढईपाशी होता. वसईतलं ख्रिस्ती लग्न फुग्यांशिवाय होत नाही. मैदा, अंडी आणि नारळाचं दूध घालून पीठ भिजवायचं, ते आंबून वर आलं की ओल्या मुठीत घ्यायचं आणि अंगठा व तर्जनीच्या मधून दाबून गोळा तेलात सोडायचा. सांगायला सोपं आहे. पण मूठ सैल पडली तर गोळ्याला शेपूट येतं, घट्ट झाली तर तो आत कच्चा राहतो, आणि तेल किती तापलंय ते हात वर धरून तळव्यालाच कळावं लागतं. आल्बिनाची मूठ गावात प्रसिद्ध होती. तिचे फुगे सगळे एका मापाचे, लिंबाएवढे गोल. वीस-बावीस वर्षं गावात लग्न ठरलं की वधूची आई पहिली तिच्याकडे यायची. "आल्बिना, आदल्या दिवशी कढईवर तू हायस ना?" एवढं विचारायची आणि निर्धास्त होऊन जायची.

दोन हजार दोनच्या पावसाळ्यानंतर आल्बिनाच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सरच होता. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं, मग किमो. पहिल्या औषधाने केस गेले, तोंड आलं, ते सगळं तिने सोसलं. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत औषध बदललं आणि तिच्या हातापायांच्या बोटांत मुंग्या यायला लागल्या. आठ दिवसांत मुंग्यांची जळजळ झाली. तळपायाखाली कुणी निखारे पसरलेत असं वाटायचं, आणि वर गंमत अशी की गार लादीवर पाय ठेवला तरी चटका बसायचा.

हे तिने फक्त रोझमेरीला सांगितलं. त्या वेळी दोघींचं बरं होतं, विहिरीवर बसून बोलायच्या. आणि तेव्हाच राखेचा बुधवार आला होता, ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला होता. गावात कुणी मटण सोडतं, कुणी दारू सोडतं, कुणी सिनेमा. रोझमेरीने डोळे मिटून विचार केला आणि सांगितलं, "आल्बिना, तू ह्या वर्षी कुरकुर सोड. चाळीस दिवस दुखन्याचा एक शब्द तोंडातून काडू नको. कोनालाच नाय, डॉक्टरला पन नाय. सगला त्रास प्रभूला अर्पन कर. बग तुला कसं फल मिलते."

आल्बिनाला ते पटलं. मरणाच्या दारातून परत आलेल्या बाईला देवासाठी काहीतरी करावंसं वाटतं, त्यात नवल नाही. तिने वेदीसमोर गुडघे टेकून शब्द दिला.

त्या चाळीस दिवसांत इस्पितळाच्या तीन फेऱ्या झाल्या. दर वेळी तिथला डॉक्टर खाली मान घालून कागदावर लिहिता लिहिता विचारायचा, "हातापायांत मुंग्या? जळजळ? बधिरपणा?" आणि आल्बिना, टेबलाखाली पायांची बोटं आवळून, म्हणायची, "नाय. काय तरास नाय." तिसऱ्या फेरीला सोबत रोझमेरी होती. तिने हे ऐकलं आणि बाहेर आल्यावर आल्बिनाचा हात हातात घेऊन म्हणाली, "शाब्बास." त्या दाबण्यानेसुद्धा आल्बिनाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. रोझमेरीला ते भक्तीचं वाटलं.

ईस्टर झाला, किमो संपली, कॅन्सर गेला. जळजळ गेली नाही.

पुढच्या जानेवारीत रोझमेरीच्या मुलीचं, ॲनिशाचं लग्न निघालं. घरचंच कार्य. कढईवर आल्बिना नसेल असं कुणाच्या मनातही आलं नाही, तिच्याही नाही. मांडवात चूल पेटली, बायका गोल करून बसल्या, गाणी सुरू झाली. आल्बिनाने मूठ भरली आणि तिच्या लक्षात आलं की पीठ मुठीत आहे की नाही हेच तिला कळत नाहीये. पहिले दहा-बारा फुगे वेडेवाकडे पडले. मग शेजारी बसलेली लुसी एकदम किंचाळली, कारण आल्बिनाच्या दोन बोटांची टोकं तेलात गेली होती आणि आल्बिना शांतपणे पुढचा गोळा दाबत होती. तिने दचकून हात मागे घेतला, त्या धक्क्याने पिठाचं पातेलं कलंडलं, आणि दोनशे माणसांचं पीठ मांडवाच्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर पसरलं.

मुलीचं लग्न दुसऱ्या दिवसावर आलेली आई त्या क्षणी काय बोलेल याची कल्पना करता येते. पण रोझमेरी जे बोलली ते रागाच्या भरात निसटलेलं नव्हतं. तिने आधी सगळ्या बायकांकडे पाहिलं, गाणी थांबल्याची खात्री केली आणि मग बोलली.

"हिला काय धाड भरली? माझ्या पोरीचंच लगीन मिलालं हिला? माझे हात जलतात, माझे पाय जलतात, बारा महिने तेच. अगो, मी हिच्याबरोबर गेल्ते डॉक्टरकडे! डॉक्टरने तोंडावर विचारलं, जलजल होते काय? ही बोल्ली, काय तरास नाय. कागदावर लिवलंय तसं. घरच्यांना एक सांगते नि डॉक्टरला एक. सगली नाटकं हायत, कामाला नको म्हनून!"

आल्बिनाने तोंड उघडलं. तिला सांगायचं होतं की मला गप्प राहायला कुणी सांगितलं ते तरी सांग. पण देवाला दिलेला शब्द चव्हाट्यावर आणायचा कसा, या विचारात ती अडकली, आणि तेवढ्यात रोझमेरीने तिला उठवून तिचा बसायचा पाट ओढून घेतला. एवढ्या बायकांत एकीनेही "असू दे गो" म्हटलं नाही. लुसीने फडक्याने पीठ पुसायला सुरुवात केली.

भाजलेल्या बोटांचे फोड पंधरा दिवसांत बरे झाले. त्यानंतर गावातल्या एकाही लग्नाला आल्बिनाला कढईवर बोलावणं आलं नाही. तिथे आता रोझमेरी बसायची, आणि तिच्या फुग्यांना शेपट्या असायच्या, आणि लोक ते वाहवा करत खायचे. आल्बिना मोजे घालून मिस्सेला जायची, कारण देवळाची फरशी सोसायची नाही. साडीखाली मोजे बघून पोरी हसायच्या. "नाटकी" हा शब्द तिच्या कानावर दोनदा आला. इस्पितळात आता फक्त गाठीची तपासणी व्हायची, मुंग्यांचं कुणी विचारत नव्हतं. गावच्या डॉक्टरनेही बॅप्टिस्टला बाजूला घेऊन सांगितलं की मोठ्या आजारानंतर बायकांचं मन असं होतं, लक्ष देऊ नका. आणि बॅप्टिस्ट, तो भला माणूस, त्याने खरंच लक्ष दिलं नाही. याचाही हिशोब आल्बिनाने ठेवला, पण वेगळ्या पानावर. पहिलं पान रोझमेरीचं होतं.

रोज दुपारी भांडी झाली की ती पडवीत गोणपाटावर पाय ठेवून बसायची आणि मनातल्या मनात रोझमेरीला उभी करायची. तोच मांडव, त्याच बायका. फक्त या वेळी पातेलं रोझमेरीच्या हातून पडायचं. मग आल्बिना एक एक प्रश्न विचारायची. कोणी सांगितलं होतं मला बोलू नको म्हणून? कोणी म्हटलं शाब्बास? रोझमेरी खाली बघायची. मग तिचे पाय जळायला लागायचे, ती पाणी मागायची, आणि आल्बिना तांब्या भरून आणायची आणि तिच्यासमोर स्वतः पिऊन टाकायची. हे सगळं ती रोज नव्याने रचायची. कधी ॲनिशाच्या सासरची माणसं हजर असायची, कधी स्वतः बिशप. फार आनंदाची वेळ असायची ती दिवसातली.

दोन हजार सहाच्या जूनमध्ये ती तपासणीसाठी इस्पितळात गेली तेव्हा खुर्चीवर नवीन डॉक्टर होती. क्षितिजा नावाची, तिशीची, बोलायला मोकळी. ती कागदावर बघत नव्हती, आल्बिनाच्या मोज्यांकडे बघत होती.

"मावशी, एवढ्या उकाड्यात मोजे?"

आल्बिनाने सगळं सांगितलं. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं, त्यामुळे तिला थांबताच येईना. क्षितिजाने फाइल मागे उलटत नेली आणि एका पानावर तिचं बोट थांबलं.

"इथे तर तीनदा लिहिलंय, काही तक्रार नाही."

"ते मी खोटं सांगितलेलं. उपासाचे दिवस होते."

क्षितिजाला उपासाचा संबंध कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर तिने पेन खाली ठेवलं. "मावशी, त्या औषधाने कॅन्सरच्या पेशी मेल्या, पण सोबत तुमच्या हातापायांच्या नसा दुखावल्या. असं बऱ्याच जणांना होतं. म्हणून तर आम्ही दर वेळी विचारतो. तुम्ही तेव्हा बोलला असतात ना, तर डोस कमी केला असता, नाहीतर औषध बदललं असतं. कदाचित इतकं झालं नसतं."

"कदाचित म्हंजे?"

"नक्की नाही सांगता येत. पण बोलायला हवं होतं."

आतापर्यंत आल्बिनाचा राग अपमानाचा होता. आज तिला कळलं की रोझमेरीने आधी तिचे हातपाय घालवले आणि नंतर इज्जत. ती खुर्चीवर बसल्या बसल्या हसली, आणि क्षितिजा जरा घाबरली.

मग क्षितिजानेच विषय काढला. किमोनंतर ज्यांचं दुखणं राहिलंय अशा लोकांवर त्यांचा अभ्यास चालला होता. एका मोठ्या मशीनमध्ये निजवून मेंदूचे फोटो काढायचे. दुखतं तेव्हा मेंदूचा कुठला भाग जास्त काम करतो ते त्यात रंगाने दिसतं. तुमच्या उपचारासाठी याचा लगेच काही उपयोग नाही, हेही तिने स्वच्छ सांगितलं.

आल्बिनाने एकच प्रश्न विचारला. "माझी जलजल त्या फोटोत दिसल?"

"दुखताना मेंदू काय करतो ते दिसेल."

"कागदावर? कोनाला दाखवता येईल असं?"

"येईल."

"मग कवा निजू?"

ठरल्या दिवशी ती बॅप्टिस्टला घेऊन गेली. गळ्यातली मेरीमातेची पदकं, बांगड्या, अंगठी सगळं काढून दिलं. अंगठी साबण लावून निघाली. हातात बटण द्यायची पद्धत होती, पण तिच्या बोटांना बटण लागेना, म्हणून मधे मधे मशीन थांबेल तेव्हा दुखणं शून्य ते दहामध्ये किती आहे ते तोंडाने सांगायचं ठरलं. ती आत सरकली. मशीन ठोकाठोकी करायला लागलं.

पहिल्यांदा नुसतं पडून राहायचं होतं, तळपायाला एक गार पिशवी लावून. मशीन थांबल्यावर आल्बिनाने सांगितलं, आठ. मग क्षितिजाचा आवाज आला, "मावशी, आता तीच पिशवी पुन्हा लावणार. पण या वेळी मनाने दुसरीकडे जा. तुमच्या सवयीची, आवडीची एखादी गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत मनात करा. हलायचं मात्र नाही."

आवडीची गोष्ट. आल्बिनाला विचार करावा लागला नाही. तिने डोळे मिटले आणि रोझमेरीला उभी केली. त्या दिवशी तर नवा मालमसाला हाताशी होता. डोस कमी केला असता, औषध बदललं असतं, हे ती आता मांडवात सगळ्या बायकांसमोर वाचून दाखवत होती. रोझमेरी रडत होती. मांडवात आग लागायच्या आत मशीन थांबलं.

"मावशी, आता किती?"

आल्बिनाने पायांकडे लक्ष दिलं आणि तिलाच नवल वाटलं. "तीन," ती म्हणाली.

असं चार वेळा केलं. नुसतं पडून राहिलं की आठ, कधी सात. मनाने गेली की तीन, एकदा तर दोन. दोन आठवड्यांनी क्षितिजाने दोघा नवराबायकोला बोलावून दोन फोटो पुढे ठेवले. पहिल्यात लाल-पिवळे डाग ठळक होते. दुसऱ्यात बरेच विझलेले. क्षितिजा खुशीत होती. मन दुसरीकडे गुंतलं की दुखणं कमी वाटतं हे माहीत आहे, ती म्हणाली, पण एवढा फरक आमच्या अभ्यासात कुणाचाच नाही. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही म्हणा. "पण तुम्ही नक्की काय करत होतात मनात?"

बॅप्टिस्ट शेजारी बसला होता. भिंतीवर एक छोटा क्रूस होता. आल्बिनाच्या तोंडून निघून गेलं, "जपमाल करत होते."

क्षितिजाने लिहून घेतलं, प्रार्थना.

आल्बिनाला दुसऱ्या फोटोशी घेणंच नव्हतं. तिला पहिला हवा होता. तो पिशवीत घालून ती घरी निघाली तेव्हा तिच्या डोक्यात पुढचं सगळं ठरलं होतं. रविवारी मिस्सेनंतर, देवळाच्या पायऱ्यांवर, सगळ्या बायकांसमोर तो उघडायचा. हे बघा नाटक. विरारकडून कुणी पाहुणे आलेच असतील तर त्यांनाही थांबवायचं.

पण बॅप्टिस्टच्या पोटात काही राहत नाही. घरी येऊन आल्बिना पाय धुवेपर्यंत तो विहिरीपलीकडे जाऊन आला होता. आणि रविवारी मिस्सा संपल्यावर आल्बिना पिशवी घेऊन पायऱ्यांपाशी पोचली, तर तिथे रोझमेरी आधीच उभी होती, बायकांच्या मधोमध, हात उंचावून.

"मशीनीत दिसलं! आल्बिनाने जपमाल केली नि दुखनं निम्म्याहून कमी! डॉक्टरनी फोटो काडलाय! मी तवाच बोल्ले ना तिला, सगलं प्रभूला अर्पन कर म्हनून? मीच सांगितलेलं!" आणि तिने आल्बिनाला सगळ्यांसमोर मिठी मारली.

आल्बिनाच्या हातातली पिशवी तशीच राहिली. इतकी वर्षं जपलेला डाव, आणि तो रोझमेरीच्या नावावर जमा झाला होता. जिने गप्प बसवलं, जिने खोटं ठरवलं, तीच आता चमत्कार करून मोकळी झाली. बायका रोझमेरीचं अभिनंदन करत होत्या. त्या रात्री आल्बिना जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे करून पाहिली. ती देवाला मानणारी बाई होती. खोटं बोललेली जपमाळ खरी करून टाकू, म्हणून तिने पडवीत बसून जपमाळेतली पाचही रहस्यं म्हटली, घाई न करता. पाय जळतच राहिले. मग तिने रोझमेरीला उभी केली, आणि जळजळ पायऱ्या उतरून गेली. तिने देवाची क्षमा मागितली आणि पुन्हा रोझमेरीकडे वळली.

गोष्ट तिथेच थांबली नाही. रोझमेरीने ती वाढवली, फिरवली, अर्नाळ्यापासून पापडीपर्यंतच्या प्रार्थना गटांत सांगितली. आणि पुढच्या वर्षी उपवासकाळ आला तेव्हा पहिल्याच शुक्रवारी क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेनंतर देवळाच्या हॉलमध्ये आल्बिनाची साक्ष ठेवली. साक्ष म्हणजे देवाने आपलं काय भलं केलं ते माइकवर उभं राहून सांगायचं. हॉल भरला. रोझमेरीने स्वतः फोटो मोठा करून पुठ्ठ्यावर चिकटवून आणला होता, तोही दुसरा, विझलेल्या डागांचा, बॅप्टिस्टने त्या दिवशी इस्पितळातून जपून आणलेला. तिने आल्बिनाला हाताला धरून माइकपाशी आणलं.

आल्बिनाने पिशवीतून पहिला फोटो काढला आणि त्या पुठ्ठ्यावर ठेवला.

"ही माझी जलजल," ती म्हणाली. "लाल दिसते ती. नाटक नाय. डॉक्टरच्या कागदावर तीनदा लिवलं, तक्रार नाय, कारन मी तसं सांगितलं. नि मी तसं सांगितलं कारन रोझमेरी वैनीने माझ्याकडून शब्द घेतला, डॉक्टरलापन बोलू नको. बोल्ले असते तर औषध बदललं असतं. नंतर तिनेच ॲनिशाच्या लग्नात तुमच्या सगल्यांसमोर मला खोटारडी केली. तुमी सगल्या होत्या. लुसी, तू पीठ पुसत होतीस."

रोझमेरी म्हणाली, "आल्बिना, जपमालीचं सांग."

"तेच सांगते. मशीनीत मी जपमाल नाय केली. डॉक्टरबाईला मी खोटं बोल्ले, सोमवारी जाऊन ते खोडून येनार. मशीनीत मी वैनीला उभी केली. तिच्या हातून पातेलं पाडलं, तिचे पाय जालले, तिला पानी दिलं नाय. तीन वरसं मी दुसरं काय करत नाय. तवा माझं दुखनं जातं. प्रभूने नाय कमी केलं, वैनीने केलं. तेवढे उपकार हायत तिचे."

फादर खोकले. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं, मग एकदम कुणीच हसेना. आल्बिनाने दोन्ही फोटो गोळा केले, आणि मोज्यांतल्या पायांनी, सावकाश, मधल्या वाटेने चालत बाहेर गेली. त्या रात्री तिचे पाय जवळजवळ गार होते. एवढी गाढ झोप तिला किमोच्या आधीपासून लागली नव्हती.

शनिवारी दुपारी रोझमेरी विहिरीच्या बाजूने आली. एकटी. डोळे सुजलेले, केस तसेच बांधलेले. पडवीच्या पायरीखालीच उभी राहिली.

"आल्बिना, मी रातभर विचार केला. तुला गप्प बस मी सांगितलं. मला काय म्हाईत नसताना सांगितलं. नि लग्नात मी तुला मुद्दाम पाडलं, कारन त्या दिवशी कोनीतरी पाडायला पायजे होतं नि तू समोर होतीस. माझी चूक हाय. तू म्हनशील तिथे, म्हनशील त्याच्यासमोर बोलते. मला माफ कर."

आल्बिनाने तीन वर्षं या वाक्यांची वाट पाहिली होती. ती ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिच्या लक्षात आलं की तळपाय पेटायला लागलेत. तिने सवयीने मनात मांडव उभा केला. रोझमेरी तिथे उभी राहिली, पण अशीच, सुजल्या डोळ्यांची, केस विस्कटलेली. पातेलं काही तिच्या हातून पडेना. आल्बिनाने पुन्हा प्रयत्न केला. पाय जळत गेले, आठ झाले, नऊ झाले. तिला आयुष्यात एवढी भीती वाटली नव्हती, गाठ निघाली तेव्हासुद्धा नाही.

"वैनी, गप बस," ती ओरडली. "माफी मागू नको! तुझ्या पाया पडते, मागू नको. तू चांगली झालीस तर मी पायांना काय लावू? दुसरं औषध हाय माझ्याकडे?"

रोझमेरीने पदराने डोळे पुसले आणि विचारलं, "मग मी काय करू?"

"वाईट वाग," आल्बिना म्हणाली. "होतीस तशी."

रोझमेरी विहिरीच्या बाजूने परत गेली. तो शनिवार आल्बिनाने पाण्यात पाय सोडून काढला, आणि पाण्याने काही होत नाही हे तिला ठाऊक होतं.

रविवारी मिस्सा सुटली. आल्बिना बॅप्टिस्टचा हात धरून एक एक पायरी उतरत होती. पाय टेकवत नव्हता. बायका तिला वाट देत होत्या, लुसी तर पुढे येऊन दुसरा हात धरायला लागली. तेवढ्यात मागून, सगळ्यात वरच्या पायरीवरून, रोझमेरीचा आवाज आला, गावाला ऐकू जाईल असा.

"धरू नको गो तिला! देवळात उभी राहून जिने जावेची बेअब्रू केली, तिचे पाय देवाने जालले ते कमीच जालले! अजून जलतील! माझ्या उंबऱ्याला त्या बाईचा पाय नको नि माझ्या मयताला तिचं तोंड नको!"

सगळ्यांच्या माना वळल्या. रोझमेरीने पदर खोचला, कुणाकडेही न बघता पायऱ्या उतरली आणि फाटकातून बाहेर पडली. ती हे खरंच बोलली की आल्बिनासाठी बोलली, ते गावात आजही कुणी सांगू शकत नाही. आल्बिनाने कधी विचारलं नाही.

बॅप्टिस्टचा चेहरा पडला होता. "काल तर रडत आल्ती," तो पुटपुटला. "आज असं का बोलली वैनी? मी जाऊन विचारतो."

आल्बिनाने त्याचा हात सोडला. तिचे गाल लाल झाले होते, डोळे चमकत होते. ती शेवटच्या तीन पायऱ्या कुणाच्याही आधाराशिवाय उतरली.

"खबरदार विचारलंत तर," ती म्हणाली. "बोलू दे तिला."